सीपॅप सुरू केलंय, पण मध्यरात्री मास्क हातात येतो

ठाणेकर_कुंभकर्ण

आयडी बघून हसू नका, तो बायकोनं ठेवलाय.

वय ४७, वजन ९४ किलो, घोरणं कॉलेजच्या होस्टेलपासूनचं. बीपीच्या दोन गोळ्या घेऊनही वरचा आकडा खाली येईना आणि दुपारच्या मीटिंगमध्ये डोळा लागायला लागला, तेव्हा फिजिशियननी छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. स्लीप स्टडी झाली. एएचआय ४२ आला, म्हणजे तासाला सरासरी ४२ वेळा श्वास पूर्ण किंवा अर्धवट अडतो. ऑक्सिजन सर्वात खाली ७६ पर्यंत गेला होता. ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास अडणं, तीव्र. ऑटो सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबानं हवा देणारं आणि दाब स्वतःच कमी-जास्त करणारं मशीन, घ्या म्हणाले, घेतलं. दुकानदारानं नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क सोबत दिला.

आता अडचण. लावून झोपतो, झोप लागतेही. पण रात्री कधीतरी मास्क मीच काढून टाकतो आणि सकाळी त्यातलं काही आठवत नाही. मशीनच्या पडद्यावर वापर जेमतेम दोन-तीन तास दिसतो. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं तर हवा कमीच पडते असं वाटतं, ज्याचं मला नवल वाटतं, कारण मशीन हवा ढकलायलाच आहे ना? तोंड कोरडं पडतं, डोळ्यांत वारा जातो.

ज्यांना सवय झाली त्यांनी नेमकं काय केलं ते सांगा. "सवय होते हळूहळू" हे दुकानदारानं सांगून झालंय.

निशाचर

वाचतोय. आमचं मशीन बॉक्ससकट कपाटात गेलंय, त्यामुळे उत्तर मलाही हवंय.

बाभूळबन

कुंभकर्ण, आधी मास्क बदलून बघा.

मी बरीच वर्षं सीपॅपवर आहे आणि माझं ठाम मत आहे की आपल्याकडे लोक डोकं नको त्या वस्तूवर खर्च करतात. चाळीस-पन्नास हजारांच्या मशीनसाठी चार दुकानं फिरतात, यूट्यूबवर तुलना बघतात. आणि मास्क कुठला? तर "सोबत आला तो". मशीन सगळी थोड्याफार फरकानं एकच काम करतात. तुम्ही पहाटेपर्यंत झोपणार की दोन वाजता उठून बसणार, ते मास्क ठरवतो.

ढोबळ तीन प्रकार आहेत. तुमच्याकडे आहे तो फुल फेस. दुसरा फक्त नाकावर बसणारा. तिसरा नेझल पिलो, म्हणजे नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकणाऱ्या दोन मऊ बोंड्या, बाकी चेहरा मोकळा. दुकानदार फुल फेस देतो कारण तो सगळ्यांना "चालतो" आणि तक्रार घेऊन कोणी लगेच परत येत नाही. पण तो नाकाच्या दांड्यापासून खालच्या ओठाखालपर्यंत टेकावा लागतो. एवढ्या मोठ्या कडेला कुठेतरी फट पडतेच, कूस बदलली की जास्त. डोळ्यांत वारा जातोय म्हणजे नाकाच्या दांड्यापाशी गळती आहे. नाकानं नीट श्वास घेता येत असेल तर आधी नाकाचा मास्क वापरून बघावा. नाक कायम चोंदलेलं असेल तर मात्र कान-नाक-घसावाल्यांकडे जाऊन आधी त्याचं बघा, नाहीतर नाकाचा मास्क लावून तोंडानं श्वास घेत बसाल आणि सकाळी घशाचा वाळलेला पापड झालेला असेल.

मास्क बसवायची पद्धत कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. आरशासमोर उभं राहून बसवू नका. पलंगावर आडवं व्हायचं, मशीन चालू करायचं, हवा येत असताना मास्क चेहऱ्यापासून जरा उचलून परत टेकवायचा आणि मग पट्टे जुळवायचे. गळती दिसली की हात आपोआप पट्टा आवळायला जातो, आणि तिथेच बिघडतं. सिलिकॉनच्या पातळ कडेला हवेनं फुगायला जागा लागते. आवळून ती दाबली की गळती वाढते आणि नाकावर वळ उठतो तो वेगळाच. आधी सैल करून बघा.

झोपायच्या आधी चेहरा साबणानं धुवा. क्रीम, तेल, व्हॅसलीन काही नको, सिलिकॉन त्यानं घसरतं आणि लवकर खराबही होतं. मास्कची गादी रोज सकाळी सौम्य साबणाच्या पाण्यानं धुवायची. भरघोस मिशी असेल तर पिलो बघा. मिशी काढा म्हटल्यावर आमच्या एका साताऱ्याच्या मित्रानं मशीनच परत करायची तयारी केली होती.

आणि दिवसा सराव करा. संध्याकाळी मालिका किंवा मॅच बघताना लावून बसायचं. झोपेचा संबंध नाही, नुसतं बसायचं. मेंदूला ही वस्तू धोक्याची नाही हे जागेपणीच कळू दे.

लिंबूसरबत

बाभूळबन, हा प्रतिसाद वाचनखुणेत साठवला. गळती किती आहे हे कसं कळतं?

बाभूळबन

बऱ्याच मशीनच्या पडद्यावर हसरा किंवा रडका चेहरा येतो, पण तो फार मोघम असतो. ॲपमध्ये किंवा मेमरी कार्डावर सविस्तर आकडे मिळतात. रेसमेड कंपनीच्या मशीनमध्ये मिनिटाला २४ लिटरपर्यंतची नको असलेली गळती चालवून घेतात. मास्कला समोर बारीक छिद्रं असतात, तिथून हवा मुद्दाम बाहेर सोडलेली असते, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड निघून जावा म्हणून. ती छिद्रं कोणी "फट" समजून चिकटपट्टीनं बंद करू नका. हसू नका, हे केलेले लोक आहेत.

डॉ_पिंपळपान

छातीचा डॉक्टर आहे. ऑनलाइन कोणाचं निदान करत नाही, पण धागाकर्त्यांच्या एका प्रश्नाचं उत्तर इथे द्यायला हवं: मशीन असून हवा कमी का वाटते?

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. ज्यांचा घसा मुळात अरुंद असतो, जीभ किंवा चरबी जागा व्यापते, त्यांचा घसा श्वास आत ओढताना मिटतो. बागेची प्लास्टिकची चपटी नळी आठवा, पाणी असलं की गोल, नळ बंद केला की सपाट. सीपॅप घशात सतत थोडा जास्त दाब ठेवतं, त्यामुळे नळी मिटत नाही. यात ऑक्सिजनचा वेगळा पुरवठा नसतो. खोलीतलीच हवा असते, फक्त दाबानं. नातेवाईक "ऑक्सिजनचं मशीन लागलं" म्हणून फोन करायला लागतात, त्यांना हे सांगा.

दाब मोजतात पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये. ऑटो मशीन साधारण ४ ते २० मध्ये फिरतं आणि पुष्कळदा दुकानातून येतं तेव्हा तेच कारखान्याचं सेटिंग असतं. ४ हा दाब जाग्या, धिप्पाड माणसाला अपुरा वाटतो, विशेषतः फुल फेस मास्कमध्ये. त्यात रॅम्प चालू असेल तर तो दाब हळूहळू वाढवतो, म्हणजे तुम्ही जागे असता तेवढा सगळा वेळ दाब सर्वात कमी. "हवा कमी पडते" याचं कारण बहुधा हे असतं. काही आठवड्यांचा डेटा बघून किमान दाब वाढवला की अनेकांचा जीव भांड्यात पडतो. उलट, श्वास सोडताना जोर लावावा लागत असेल तर सोडताना दाब थोडा उतरवायची सोय असते, तीही बघता येते. हे दोन्ही तुमच्या डॉक्टरांकडून करून घ्या. मेन्यू उघडता येतो म्हणून स्वतः दाब बदलत बसू नका. काही रुग्णांना सीपॅप सुरू केल्यावर मेंदूकडूनच श्वासाचा आदेश चुकायला लागतो, त्याला सेंट्रल ॲप्निया म्हणतात. आकडे न बघता दाब वाढवला तर तो वाढू शकतो.

जाता जाता, हे तंत्र किती साध्या गोष्टीतून आलं ते सांगण्याचा मोह आवरत नाही. १९८० च्या आधी तीव्र ॲप्नियावर खात्रीचा उपाय म्हणजे ट्रेकिऑस्टॉमी, गळ्याला भोक. सिडनीत डॉ. कॉलिन सलिव्हन यांच्याकडे आलेल्या एका रुग्णानं त्याला नकार दिला, पण प्रयोगाला तयार झाला. व्हॅक्यूम क्लीनरची मोटर, नळी आणि नाकावर सिलिकॉननं चिकटवलेला मास्क, एवढंच साहित्य. दाब वाढवला की श्वास सुरळीत, कमी केला की पुन्हा अडकला, असं रात्रभर चालू-बंद करून बघता आलं. १९८१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पाच रुग्णांवरचा निबंध आला. तेव्हा मास्क रोज रात्री चिकटवायचा आणि सकाळी सोलायचा. आजच्या पट्ट्यांबद्दल तक्रार करणाऱ्या पेशंटना मी हे आवर्जून सांगतो, त्यानं तक्रार थांबत नाही ती गोष्ट वेगळी.

सदाफुली

डॉक्टर, एक विचारू? माझ्या आईला (वय ६३, नाशिक) सीपॅप नाही, बायपॅप सांगितलंय. घरात अक्षरशः रडारड झाली. करोनात आमचे मामा बायपॅपवर गेले आणि परत आले नाहीत. त्यामुळे मावशी तर म्हणाली, "बायपॅप म्हणजे शेवटचं." आई मास्क बघूनच तोंड फिरवते.

आणि बायकांबद्दल एक लिहायचंच आहे. आई किती वर्षं घोरतेय हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण ते बोलायचं नाही अशी पद्धत. बाबांच्या घोरण्यावर विनोद व्हायचे, आईच्या नाही. ती सकाळी डोकं दुखतं म्हणायची, थकवा म्हणायची, रात्री सारखी जाग येते म्हणायची. पाळी गेल्यावरचं हे असंच असतं म्हणून आम्ही लोहाच्या गोळ्या देत राहिलो.

डॉ_पिंपळपान

सदाफुली ताई, मामांच्या वेळी यंत्र तेच असेल, पण आजार वेगळा होता. करोनात न्यूमोनियानं निकामी झालेल्या फुप्फुसांना आधार द्यायला ते लावलं होतं. आईंना ते घरी, झोपेपुरतं, वर्षानुवर्षं वापरण्यासाठी दिलंय. मावशींना सांगा, बायपॅप लावून रोज नोकरीवर जाणारे लोक आहेत.

बायपॅपमध्ये श्वास घेताना दाब जास्त आणि सोडताना कमी असतो. दोन्हींत फरक ठेवल्यामुळे प्रत्येक श्वासाला आतून जोर मिळतो. वजन बरंच असलेल्या काहींमध्ये घसा मिटण्याच्या जोडीला श्वासच उथळ होतो आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. सकाळची डोकेदुखी हे त्याचं एक लक्षण. अशा वेळी, किंवा सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजारात, मज्जातंतू-स्नायूंच्या काही आजारांत, बायपॅप लागतं. आईंच्या रक्तातल्या वायूंची तपासणी झाली असेल, तो कागद जपून ठेवा. आणि तिथे नुसता ऑक्सिजन घरी आणून लावू नका, त्यानं कार्बन डायऑक्साइड आणखी वाढू शकतो.

बायकांबद्दल लिहिलंत ते सोळा आणे खरं. रजोनिवृत्तीनंतर हे प्रमाण वाढतं आणि लक्षणं पुस्तकातल्या घोरणाऱ्या पुरुषासारखी नसतात. झोप न लागणं, थकवा, उदासी यांच्या गोळ्या घेत राहतात, झोपेची तपासणी कोणी सुचवत नाही.

टपरीवरचा_तत्त्ववेत्ता

सगळं वाचलं. आता जरा उलट बाजू. आमचे आजोबा अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल असं घोरायचे आणि ८८ वर्षं जगले. हे सगळं कंपन्यांचं खूळ आहे. वजन कमी करा, प्राणायाम करा, शंख वाजवा. शंखावर तर संशोधनही झालंय, पण ते कोणी सांगणार नाही, कारण शंख विकून कमिशन मिळत नाही.

डॉ_पिंपळपान

मी सांगतो की, कमिशन न घेता. २०२५ मध्ये जयपूरच्या डॉक्टरांनी ३० रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. मध्यम ॲप्निया असलेल्या लोकांपैकी काहींनी सहा महिने नियमित शंख वाजवला. दिवसाची पेंग कमी झाली, एएचआय तासाला चार-पाचनं उतरला. त्याआधी २००६ मध्ये स्वित्झर्लंडमधून ऑस्ट्रेलियन आदिवासींच्या डिजेरिडू या वाद्याबद्दल असाच निष्कर्ष आला होता, त्याला २०१७ मध्ये इग्नोबेल हे गमतीशीर संशोधनाचं पारितोषिकही मिळालं. घशाच्या स्नायूंना व्यायाम होतो, कल्पना चुकीची नाही. पण हिशेब करा. एएचआय १८ असेल तर चार-पाच उतरणं मोलाचं आहे. धागाकर्त्यांचा ४२ आहे. शंख वाजवून ३७ झाला तरी तो तीव्रच, कारण ३० च्या वरचं सगळं तीव्रात मोडतं. शंख जरूर वाजवा, मास्क लावण्यापूर्वी. शेजाऱ्यांना विचारून.

तुमच्या आक्षेपाला खरा आधार हवा असेल तर तोही देतो. २०१६ मध्ये 'सेव्ह' नावाच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले, २७०० च्या आसपास रुग्ण, त्यात भारतातलेही होते. आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात असलेल्यांमध्ये सीपॅपनं पुढचे झटके कमी झाले नाहीत. त्यामुळे "सीपॅप लावा, हार्ट अटॅक टळेल" असं कोणी छातीठोक सांगत असेल तर जरा थांबा. दिवसाची पेंग मात्र कमी झाली आणि मनःस्थिती सुधारली. आणि त्या चाचणीत मशीनचा सरासरी वापर होता रात्री ३.३ तास. अर्धी रात्र घसा मोकळा आणि अर्धी रात्र मिटलेला, त्यातून काय सिद्ध झालं यावर आमच्यात अजून वाद आहे.

वजनाचं म्हणणं मान्य. २०२४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत टिर्झेपेटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनला लठ्ठपणासोबतच्या मध्यम ते तीव्र ॲप्नियासाठी मान्यता मिळाली. पण वजन उतरायला महिने लागतात आणि घसा आज रात्री मिटणार आहे. शिवाय आपल्याकडे बारीक अंगकाठीची, आखूड जबड्याची माणसंही ॲप्नियाची असतात, त्यांनी कुठलं वजन कमी करायचं?

निशाचर

बप्पी लाहिरी २०२२ मध्ये गेले तेव्हा डॉक्टरांनी ॲप्नियाचंच कारण सांगितलं होतं. तोवर आमच्या घरात हा शब्दही कोणी ऐकला नव्हता.

मिशिगनमावशी

इथे अमेरिकेत मशीनला मोडेम असतो आणि विमा कंपनीला रोजचा वापर दिसतो. मेडिकेअर या सरकारी विम्याचा नियम असा की पहिल्या तीन महिन्यांत सलग ३० दिवसांचा असा तुकडा दाखवा, ज्यात ७० टक्के रात्री किमान चार तास वापर आहे, नाहीतर मशीन परत. आमच्या ह्यांनी निव्वळ त्या धाकानं सवय लावून घेतली. भारतात असा धाक नाही, पैसे आपलेच, म्हणून कपाटात जातं. (निशाचर, तुम्हालाच म्हणतेय हो.)

पण चार तास हा विम्याचा आकडा आहे, शरीराचा नाही. पहाटेच्या स्वप्नांच्या झोपेत घसा सर्वात सैल असतो आणि लोक नेमका तेव्हा मास्क काढून ठेवतात. मध्ये उठलात तरी परत लावा. हे डॉक्टरांनी ह्यांना बजावून सांगितलं होतं.

अकोलेकर_उन्हाळा

पाणी आणि वीज यांवर कोणी लिहिलं नाही, म्हणून मी.

ह्युमिडिफायरमध्ये, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या मशीनच्या टाकीत, डिस्टिल्ड पाणीच घाला. आमच्या बोअरच्या पाण्यानं टाकीच्या बुडाशी पांढरा थर धरतो. एसीच्या नळीतून गळणारं पाणी "शुद्धच असतं" म्हणून वापरणारे भेटलेत, ते अजिबात नको, त्यात बुरशी आणि धूळ असते. उरलेलं पाणी सकाळी ओतून द्यायचं, टाकी धुवायची, उलटी ठेवायची. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ह्युमिडिफायर बंद ठेवला तरी चालतं, इकडे मे महिन्यात कूलर नसेल तर नाकातून रक्त येईल. थंडीत उलटं, नळीत वाफ गार होऊन थेंब नाकावर पडतात. नळीला कापडी कव्हर घाला किंवा नळी पांघरुणाखालून घ्या.

वीज गेली तर फुल फेस मास्कमध्ये गुदमरायला होत नाही, त्याला एक झडप असते, दाब गेला की बाहेरची हवा आत येते. तरी जाग येतेच. इन्व्हर्टरवर चालवताना ह्युमिडिफायर आणि गरम नळी बंद करा, बहुतेक वीज तेच खातात. मशीनचा नुसता पंखा फारच थोड्यात चालतो.

जुनं मशीन घेणाऱ्यांसाठी एकच: २०२१ च्या जूनमध्ये फिलिप्स रेस्पिरॉनिक्सनं ड्रीमस्टेशनसह लाखो मशीन परत मागवली होती. आवाज दाबणारा फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याची शक्यता होती. वर्गीकृत जाहिरातीत स्वस्तात दिसतं ते कोणतं मॉडेल, कोणत्या वर्षाचं, ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

ठाणेकर_कुंभकर्ण

सगळ्यांचे आभार. थोडी प्रगती. डॉक्टरांना मेमरी कार्ड दाखवलं. किमान दाब खरंच ४ वर होता, तो ७ केला आणि रॅम्प बंद केला. पहिल्याच मिनिटाचं गुदमरणं गेलं. नाकाचा मास्क दुकानदार वापरून बघायला देत नव्हता, "उघडलेला परत घेत नाही" म्हणे. शेवटी डॉक्टरांच्याच क्लिनिकमध्ये वेगवेगळ्या मापांच्या गाद्या आडवं करून लावून बघितल्या. माझं माप मीडियम नाही, स्मॉल निघालं. आता वापर पाच-साडेपाच तासांवर गेलाय, गळती बरीच खाली. पोटात हवा जाऊन फुगल्यासारखं होतं, ते नवीन.

आणि पुढचा प्रश्न. लग्नासाठी विदर्भ एक्स्प्रेसनं नागपूरला जायचंय. रात्रभराचा प्रवास. मशीन कसं चालवायचं? की एक रात्र सोडून द्यावी?

बाभूळबन

पोटाचं डॉक्टरांना कळवा. बहुधा वरचा दाब जास्त जात असेल. तोवर डाव्या कुशीवर झोपून आणि डोकं जरा उंच ठेवून बघा, काहींना फरक पडतो.

रेल्वेत बर्थजवळच्या सॉकेटच्या भरवशावर राहू नका. आगीच्या भीतीनं रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंग पॉइंट बंद ठेवायचं धोरण रेल्वेनं २०२१ मध्ये घेतलं. तुमच्या डब्यात चालू असेलही, पण झोपायचे तास नेमके तेच. बॅटरी न्या. मशीनच्या कंपनीनं सांगितलेला डीसी कन्व्हर्टर वापरा, ह्युमिडिफायर घरी ठेवा, आणि घरी एक रात्र बॅटरीवर झोपून किती टिकते ते आधी बघा. खालचा बर्थ मागा, नळी वरून लोंबकळली तर येणारा-जाणारा ओढून नेईल.

पुढे विमानानं जाल तेव्हाही लिथियम बॅटरी हातातल्या सामानात लागते. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा अडचण येत नाही, त्यावर १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी घ्यावी लागते. मशीन चेक-इनमध्ये देऊ नका आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असू द्या, सुरक्षा तपासणीत उघडायला लावतात.

सदाफुली

कुंभकर्ण, एक रात्र सोडायचीच झाली तर निदान लग्नाच्या रात्री सोडू नका, हॉलवर सगळे एका खोलीत झोपतात.

आईचं सांगायचं राहिलं. मावशीलाच फोनवर डॉक्टरांचं उत्तर वाचून दाखवलं. आता आई दुपारी मालिका बघताना बायपॅप लावून बसते. रात्रीचं अजून जमलेलं नाही. तिला स्मॉल मास्कसुद्धा मोठा होतोय, नाशिकमध्ये एक्स्ट्रा स्मॉल कुठे मिळेल? कोणाला माहीत असेल तर व्यनि करा.